ऐकणाऱ्याची पाळी : प्रशिक्षणवर्गाचा एक अपुरा इतिहास

काही वर्षांपूर्वी तुळजापूर येथे मराठीच्या शिक्षकांसाठी दोन दिवसांचा एक प्रशिक्षणवर्ग झाला. मार्गदर्शक म्हणून आम्हा दोघांना निमंत्रण होते. लॅपटॉप आणि समाजमाध्यमांच्या साहाय्याने मराठीचे अध्यापन कसे करावे, हा विषय. ‘परस्परसंवादी’ हे विशेषण निमंत्रणपत्रात तीन ठिकाणी आलेले. आम्ही साठ-पासष्ट स्लाइड्स करून नेल्या होत्या. ब्लॉग कसा उघडावा, कवितेचे वाचन ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सॲपवर कसे पाठवावे, फेसबुकवर वाचकगट कसा चालवावा, असे सारे त्यात क्रमाने होते. सकाळचे पहिले सत्र आम्ही उत्साहाने घेतले. समोर चाळीसएक शिक्षक होते. ते ऐकत होते, काही जण पडद्याची छायाचित्रे घेत होते.

चहाच्या वेळी एक ज्येष्ठ शिक्षिका आमच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “सर, मॅडम, राग मानू नका. पण हे सगळं तुम्ही ग्रुपवर टाकलं असतं तर आम्ही घरी बसून वाचलं असतं. मग इथं कशाला बोलावलंत?”

त्यांच्या स्वरात उपरोध नव्हता. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना खरोखरच हवे होते, आणि ते आमच्यापाशी नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा शोध आहे. तो घेताना आम्हांला थोडे मागे जावे लागले, कारण ‘शिक्षकांना एकत्र बोलावून काही सांगणे’ या प्रथेलाही एक इतिहास आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तो बराच जुना आहे.

यंत्रापूर्वीचा संवाद

तुळजापुरात राहणाऱ्या माणसाला ‘परस्परसंवादी’ ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. भवानीच्या नावाने घातल्या जाणाऱ्या गोंधळात मुख्य गोंधळी आख्यान लावतो आणि त्याचा साथीदार मध्येच त्याला अडवतो. तो शंका काढतो, भाबडा प्रश्न विचारतो, कधी मुद्दाम भलताच अर्थ लावतो. त्या अडवण्याला उत्तर देता देता कथा पुढे सरकते. साथीदार गप्प बसला तर आख्यान होईल, गोंधळ होणार नाही. ऐकणाऱ्याने बोलावे यासाठी तेथे एक माणूसच नेमलेला असतो, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते.

शिक्षणाच्या क्षेत्रातही या भागाला असा वारसा आहे. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, तेथे मुख्याध्यापक म्हणून आले. हैदराबाद संस्थानात १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, कारभाराची भाषाही उर्दू होती. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आदेशामुळे सार्वजनिक सभांवर निर्बंध होते. चार माणसांनी एकत्र बसून बोलणे हाच जेथे संशयाचा विषय होता, तेथे शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एका आवारात राहून शिकणे याला वेगळे मोल होते. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात या शाळेशी निगडित माणसे अग्रभागी दिसतात, ते योगायोगाने नव्हे.

या शाळेकडे साधने फार थोडी होती. तरीही तिचे नाव आज घेतले जाते. साधनांचा इतिहास लिहिताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

वरून येणारा आवाज

स्वातंत्र्योत्तर काळात शिक्षकांच्या प्रशिक्षणात यंत्र आले ते आकाशातून. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांत झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याला लागून असलेले गुलबर्गा आणि जवळचे विजापूर हे कर्नाटकातील जिल्हे होते. या प्रयोगातून प्राथमिक शाळांच्या सुमारे ५० हजार शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण देण्यात आले. शिक्षकांच्या इतक्या मोठ्या समुदायाशी एकाच वेळी बोलणारे यंत्र आपल्या देशाने तेव्हा प्रथमच पाहिले.

१९८४ हे वर्ष या दृष्टीने विशेष आहे. त्या वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था उभी राहिली आणि मराठीतून शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती होऊ लागली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला. शाळांमध्ये संगणक नेण्याची ‘क्लास’ ही केंद्र सरकारची योजनाही याच सुमाराची. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे आणि जिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या. आम्हा प्राध्यापकांना उद्बोधन आणि उजळणी वर्ग ठाऊक झाले ते या व्यवस्थेमुळे. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडला गेला.

या तीस वर्षांच्या आलेखात एक गोष्ट कायम राहिली. बोलणारा एका ठिकाणी आणि ऐकणारे हजार ठिकाणी, अशीच रचना प्रत्येक यंत्राने केली. एज्युसॅटसारख्या व्यवस्थेत प्रश्न विचारण्याची सोय होती, हे खरे. पण शेकडो केंद्रे जोडलेली असताना एखाद्या केंद्रातील शिक्षकाची पाळी येणे ही नशिबाची गोष्ट असे. बालचित्रवाणीचे काम २०१७ मध्ये बंद झाले. त्या संस्थेने मराठीतून केलेल्या कार्यक्रमांची आठवण आमच्या पिढीतल्या अनेकांना आहे, परंतु ते पाहून शिक्षक काय म्हणाले हे मात्र कोठे लिहिलेले आढळत नाही. ऐकणाऱ्याचा इतिहास नोंदवण्याची सोय त्या यंत्रातच नव्हती.

पाझरणारे प्रशिक्षण

यंत्राशिवायची जी प्रशिक्षणे झाली, त्यांची रचना तरी वेगळी होती काय? १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील पहिल्या पाच जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा होता. औरंगाबाद, लातूर, नांदेड आणि परभणी हे उरलेले चार. पाचही मराठवाड्यातील. त्याआधी वर्षभरापूर्वीच, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त केली होती. शाळा पडल्या होत्या, काही ठिकाणी शिक्षकही उरले नव्हते. अशा काळात गटसाधन केंद्रे आणि समूह साधन केंद्रे ही नवी रचना आली. शिक्षकांनी महिन्यातून एकदा आपल्या परिसरातच भेटावे, अडचणी मांडाव्यात, एकमेकांकडून शिकावे, ही त्यामागची कल्पना होती आणि ती चांगली होती.

प्रत्यक्षात मात्र प्रशिक्षणाला धबधब्याचे रूप आले. राज्यपातळीवर काहींना शिकवायचे, त्यांनी जिल्ह्यात, जिल्ह्यातल्यांनी तालुक्यात, तालुक्यातल्यांनी केंद्रात शिकवायचे. दर पायरीवर पाणी थोडे थोडे कमी होत जाई. शेवटच्या वर्गात पोहोचेपर्यंत मूळ पुस्तिकेचे वाचन तेवढे उरे. ‘साधनव्यक्ती’ हा शब्द याच काळात रूढ झाला. माणसाला साधन म्हणणारा हा शब्द आम्हा मराठीच्या शिक्षकांना नेहमीच खटकला, पण त्यात त्या व्यवस्थेचे वर्णन अचूक होते. व्यक्तीने स्वतःचे काही सांगावे अशी अपेक्षा नव्हती. वरचे खाली नेणारी नळी एवढीच तिची भूमिका होती.

असे असले तरी या वर्गांना जाणारे शिक्षक जेवणाच्या सुट्टीविषयी आजही आपुलकीने बोलतात. डबे उघडले जात, कोणी आपल्या शाळेतल्या एखाद्या मुलाची गोष्ट सांगे, कोणी गणिताची एखादी युक्ती जमिनीवर खडूने काढून दाखवी. प्रशिक्षण तेथे होत होते. वेळापत्रकात तेवढे त्याचे नाव नव्हते.

लिपीची अडचण

लॅपटॉप शिक्षकांच्या हाती येण्यापूर्वी आणखी एक अडसर ओलांडावा लागला. तो तंत्रज्ञांना किरकोळ वाटतो. आम्हांला तो मुख्य वाटतो. तो अडसर लिपीचा.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागले आणि आमच्या वयाच्या हजारो पदवीधरांनी संगणकाचा माऊस प्रथम हाती धरला तो त्या वर्गात. परंतु संगणक शिकणे आणि संगणकावर मराठी लिहिणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या. इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९८६ पासून उपलब्ध होता, भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये प्रमाणित झाली होती, आणि युनिकोडचा वापर २००० नंतरच्या संगणकांवर शक्य झाला होता. तरीही छपाईच्या दुकानांत, कार्यालयांत आणि महाविद्यालयांत जुन्या फाँटांचेच राज्य होते. त्या फाँटात ‘आई’ असे टंकले तर डोळ्यांना ‘आई’ दिसे, पण संगणकाच्या लेखी ती दोन-तीन रोमन चिन्हे असत. फाँट काढून घेतला की शब्दही गेला.

याचा फटका आम्ही स्वतः खाल्ला आहे. २००४ ते २००८ या काळात आम्ही बालाघाटच्या परिसरातील शेतीविषयक शब्द जमवत होतो. तिफण, चाडे, कुळव, पास, मोघड अशा शब्दांचे गावागणिक बदलणारे अर्थ, त्यांच्याशी जोडलेल्या म्हणी, असे आठशेएक कार्डे भरली होती. ती सर्व आम्ही मोठ्या हौसेने संगणकावर टंकली आणि आता हे कायमचे सुरक्षित झाले, अशा समजुतीने कार्डे रद्दीत घातली. पुढे संगणक बदलला. जुनी फाइल उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा अर्थहीन गुंता होता. रूपांतर करणारी आज्ञावली मिळवून त्यातले बरेचसे वाचवले, पण जोडाक्षरे तुटली, ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. ‘चाडे’ वाचले, पण काही शब्द नेमके काय होते हे आता आम्हांलाही सांगता येत नाही. ज्या वृद्ध शेतकऱ्यांनी ते सांगितले होते, त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत.

समाजमाध्यमांनी हा प्रश्न एका परीने सोडवला. मी लिहिलेले शेकडो निरनिराळ्या फोनांवर वाचता आले पाहिजे, ही त्या माध्यमाची अटच होती, आणि ती युनिकोडशिवाय पुरी होणे शक्य नव्हते. मराठीला आवश्यक असलेले ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. शासकीय परिपत्रकांनी जे वर्षानुवर्षे साधले नव्हते, ते शिक्षकांच्या हातातील फोनने दोन-तीन वर्षांत साधले. सुरुवातीला रोमन लिपीत ‘namaskar sir’ लिहिणारे... खरे तर तसे रोमन अक्षरांत लिहिणारे आमचे सहकारी हळूहळू ‘नमस्कार सर’ असे देवनागरीत लिहू लागले. मराठीच्या प्राध्यापकांनी यात फारशी मदत केली नाही, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. आम्ही ‘वाऱ्यावर’ हा शब्द फोनवर चुकीचा उमटतो म्हणून हळहळत होतो. तेवढ्यात शिक्षकांनी तो कसा उमटवायचा हे एकमेकांना शिकवूनही टाकले होते.

गट क्रमांक एक, दोन, तीन

२२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द याच सुमारास सर्वतोमुखी झाला. त्याआधीच काही शाळांनी वाट पाडली होती. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधल्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने चाललेले वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेने लोकसहभागातून डिजिटल वर्ग उभा केला होता. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडी येथे रणजितसिंह डिसले पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचे प्रयोग करीत होते. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइज’ जाहीर झाले आणि १० लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

या प्रयोगांत एक साम्य आहे. ते राजधानीत आखले जाऊन खाली आले नाहीत. वस्तीवरच्या शाळेत झाले, आणि इतरांनी ते पाहिले व उचलले. ते इतरांपर्यंत पोहोचले कसे, हे पाहू लागलो की व्हॉट्सॲपच्या गटांकडे यावे लागते. नोव्हेंबर २०१४ पर्यंत अशा गटात ५० माणसे मावत, मग १०० मावू लागली, आणि फेब्रुवारी २०१६ पासून २५६. या मर्यादेमुळे एकाच नावाचे गट क्रमांक एक, दोन, तीन असे निघत गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर चित्रफिती पाठवणे खेड्यातील शिक्षकालाही परवडू लागले.

तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळांत लॅपटॉप शिक्षकांनी स्वतःच्या पैशाने घेतलेले असत. एक जण चित्रफीत कशी करावी हे दाखवी, दुसरा तेथेच करून बघे, तिसरा तिच्यातली चूक दाखवी, आणि रात्रीपर्यंत ती गटावर सर्वांच्या हाती पडे. दुसऱ्या दिवशी कोठल्यातरी शाळेतील मुलांनी ती पाहिलेली असे आणि त्यांचे प्रश्न गटावर परत आलेले असत. सांगणारा आणि ऐकणारा यांच्या जागा एका दिवसात अदलाबदल होत होत्या. गोंधळातल्या साथीदाराला अखेर प्रशिक्षणवर्गात जागा मिळाली, असे आम्हांला तेव्हा वाटले होते.

त्याच साधनाचे दुसरे रूप

हे समाधान फार काळ टिकले नाही. ज्या गटावर शिक्षक एकमेकांशी बोलत होते, त्याच प्रकारच्या गटावर कार्यालयीन आदेश येऊ लागले. माहिती तातडीने पाठवा, आजच पाठवा, छायाचित्रासह पाठवा. उपक्रम केला की नाही यापेक्षा उपक्रमाचे छायाचित्र गटावर पडले की नाही, याला महत्त्व आले. नोव्हेंबर २०१६ मध्ये शिक्षकांनी दर सोमवारी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ती ऑनलाइन भरावी, असा आदेश निघाला. विद्यार्थ्यांची गळती रोखणे हा त्याचा घोषित हेतू होता. शिक्षकांनी विरोध केला आणि जानेवारी २०१७ मध्ये तो स्थगित करावा लागला. ऑनलाइन कामांच्या भाराला कंटाळून अनेक ठिकाणी शिक्षक प्रशासकीय गटांतून सामूहिकरीत्या बाहेर पडले.

या घटनेकडे आम्ही इतिहासाच्या दृष्टीने पाहतो. दूरचित्रवाणीच्या काळात शिक्षकाला बोलता येत नव्हते, पण त्याच्यावर कोणाची नजरही नव्हती. फोनने त्याला वाचा दिली आणि त्याच फोनने त्याच्या दिवसाचा हिशेब मागितला. गट तोच, यंत्र तेच. कोण कोणाला प्रश्न विचारू शकतो, एवढा फरक पडला की त्याच पडद्यावरचा संवाद हजेरीपटात बदलतो. गटातून बाहेर पडलेल्या शिक्षकांना तंत्रज्ञानविरोधी म्हणणे सोपे होते आणि तसे म्हटलेही गेले. परंतु त्यांतले अनेक जण शिक्षकांच्या स्वतःच्या गटांत तेवढ्याच उत्साहाने लिहीत होते, ही वस्तुस्थिती आहे.

२०२० चे वर्ष

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जे आजवर पूरक होते ते एकाएकी एकमेव झाले. राज्याची अभ्यासमाला दररोज फोनवर येऊ लागली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या मंचाचा वापर वाढला. शिक्षकांचे ‘निष्ठा’ प्रशिक्षणही त्या वर्षी ऑनलाइन झाले. धबधब्याच्या पायऱ्या नाहीशा झाल्या. प्रत्येकाला मूळ मजकूर थेट मिळू लागला. जेवणाची सुट्टीही मात्र त्यांच्याबरोबर नाहीशी झाली.

त्याच काळात तुळजापूरहून ४५ किलोमीटरवरच्या सोलापुरात, नीलमनगर या कामगार वस्तीत, घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगवले गेले. मुलांच्या घरी स्मार्टफोन नाहीत, हे ओळखून शिक्षकांनी वस्तीच्या भिंतींचाच फळा केला. मुले अंतर ठेवून उभी राहून वाचत. फोनवरचा पाठ आणि भिंतीवरचा पाठ यांत श्रेष्ठ कोणता, हा वाद आम्हांला निरर्थक वाटतो. ज्याने भिंत रंगवली, त्याला आपल्यासमोर कोण आहे आणि त्याच्या घरात काय आहे हे ठाऊक होते. पाठ कोणासाठी आहे हे ठाऊक असणे, ही संवादाची पहिली पायरी आहे.

त्या बाईंना द्यायचे उत्तर

आता पुन्हा त्या प्रशिक्षणवर्गाकडे वळू. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्लाइड्स उघडल्याच नाहीत. प्रत्येकाने आपल्या फोनमधले, स्वतः केलेले किंवा मुलांनी केलेले काहीही एक दाखवावे आणि त्याविषयी बोलावे, असे सुचवले. लॅपटॉप आम्ही केवळ लिहून घेण्यासाठी वापरला. बोलणाऱ्याचे शब्द मागच्या पडद्यावर उमटत होते आणि इतर जण त्यात दुरुस्त्या सांगत होते.

आदल्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या बाईंची पाळी आली. शाळा बंद असताना त्यांनी मुलांना आपल्या आजीच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून पाठवायला सांगितले होते. शंभराच्या वर ध्वनिफिती आल्या. फोन भरला म्हणून त्यांनी त्यातल्या निम्म्या पुसून टाकल्या. नवा फोन घेतला तेव्हा आणखी काही गेल्या. उरलेल्यांपैकी दोन त्यांनी ऐकवल्या. एका आजीच्या ओवीत आई भवानीचे नाव होते, मागे कोंबडीचा आवाज होता आणि “आज्जे, थांब, परत म्हण” असे सांगणारा मुलाचा आवाज होता. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्या क्षणी आम्हांला आमची रद्दीत गेलेली आठशे कार्डे आठवली. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या कागदावर उतरल्या, त्यांचे वर्गीकरण झाले, पुढे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने २०१७ पासून त्या लोकांसमोर आणल्या. ते धन टिकले, कारण दर टप्प्यावर कोणीतरी ते पुढच्या साधनावर नीट हलवले. बाईंच्या फोनमधले धन तसे हलवणारे कोणी नव्हते. ते त्यांच्यापाशी आहे, हेही त्या दिवसापर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. कारण त्यांना कोणी विचारले नव्हते.

दुपारच्या सत्रात आम्ही सर्वांनी मिळून त्या ध्वनिफिती लॅपटॉपवर उतरवल्या, प्रत्येकीला गाव, वर्ष आणि गाणाऱ्या बाईंच्या अनुमतीची नोंद कशी जोडावी हे ठरवले, आणि सहा ओव्या युनिकोडमध्ये लिहून काढल्या. काही शब्दांवर वाद झाला. एका शब्दाचा अर्थ परंड्याकडचे शिक्षक एक सांगत होते आणि उमरग्याकडचे दुसरा. दोन्ही अर्थ लिहून ठेवले. आमच्या साठ स्लाइड्सपैकी यात कोठलीही उपयोगी पडली नाही. लॅपटॉप आणि फोन मात्र पदोपदी उपयोगी पडले.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते असे आहे. आम्ही जे सांगणार होतो ते ग्रुपवर टाकायलाच हवे होते. त्यासाठी चाळीस माणसांना तुळजापूरपर्यंत आणण्याची गरज नव्हती. बोलावण्याची गरज होती ती त्यांच्याकडे जे आहे ते ऐकण्यासाठी. ते कोणी आपणहून फॉरवर्ड करीत नाही, कारण त्याचे मोल काय हे समोर कोणी ऐकणारा भेटेपर्यंत ज्याचे त्यालाही कळत नाही.

एक चिंता उरते. २०१५ नंतरच्या दशकात मराठी शिक्षकांनी एकमेकांना जे शिकवले, त्याची नोंद कोठल्याही दप्तरात नाही. ती जुन्या फोनांत, सोडून दिलेल्या ब्लॉगांवर, बंद पडलेल्या गटांत विखुरलेली आहे, आणि फोन बदलला की तिचा एक तुकडा नाहीसा होतो. हिप्परग्याच्या शाळेचा इतिहास निदान काही आत्मकथनांतून आपल्यापर्यंत आला. या काळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला काय मिळेल? वाचकांपैकी जे शिक्षक आहेत, त्यांनी आजच आपला फोन उघडून पाहावा. ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश आला असेल, तर काही पुसण्यापूर्वी एकदा ऐकून घ्यावे.